वेळेला लांबी देणारी रेघ

महाराष्ट्रात २०१७ साली इयत्ता नववीचे विज्ञानाचे नवे पुस्तक आले. त्यातला पहिलाच धडा गतीचा आहे. त्यात अमर, अकबर आणि अँथनी हे तिघे आपापल्या मोटारींतून निघतात, त्यांनी किती वेळात किती अंतर कापले याचा तक्ता दिला आहे आणि मुलांनी त्यावरून कोणाची गती एकसमान आहे ते ओळखायचे आहे. पुढे याच गोष्टी रेघांच्या रूपाने येतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. मग तीच आकृती पुन्हा, पण उभ्या अक्षावर वेग. शेवटी या रेघेखालच्या क्षेत्रफळावरून गतीची समीकरणे सिद्ध करायची. शिक्षकाला यासाठी मोजून चार-पाच तासिका मिळतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत हा धडा शिकवते. मुले हुशार असतात, मेहनतीही असतात. पण या आलेखांपाशी आली की बहुतेक मुले एकच मार्ग धरतात. आकृती पाठ करतात. 'तिरकी सरळ रेघ म्हणजे एकसमान, वाकडी रेघ म्हणजे असमान,' असे घोकतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. मात्र उभ्या अक्षावर अंतराऐवजी वेग लिहिला की तीच तिरकी रेघ वेगळे काही सांगते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मग शिक्षक चिडतात, पालक निराश होतात आणि मूल स्वतःविषयी ठरवून टाकते की सायन्स आपल्यासाठी नाही. दहावीनंतर ते दुसऱ्या वाटेने जाते. एका रेघेपायी एक वाट बंद होते.

म्हणून या रेघेचा इतिहास पाहावा असे मला वाटले. आपण मुलांना जी गोष्ट चार तासिकांत समजावी अशी अपेक्षा धरतो, ती माणसाला समजायला किती काळ लागला? आणि वाटेत कोण कोण अडखळले?

दिसते ते अंतर, न दिसते ती वेळ

गतीविषयी शिस्तीने विचार करणाऱ्या जुन्या लोकांत ॲरिस्टॉटलचे (इ.स.पूर्व ३८४–३२२) नाव आधी घ्यावे लागते. अरबी ग्रंथांतून आपण त्यांना अरस्तू म्हणून ओळखतो. अधिक वेगवान कोण, याची त्यांनी केलेली व्याख्या आजही चुकीची म्हणता येणार नाही: सारख्या वेळेत जो अधिक अंतर जातो तो, किंवा सारखे अंतर जो कमी वेळेत जातो तो. पण ही तुलना झाली. 'ताशी चाळीस किलोमीटर' असा वेगाचा स्वतंत्र आकडा त्यांच्यापाशी नव्हता. ग्रीक गणितात गुणोत्तर हे एकाच जातीच्या दोन राशींचे असे. लांबीला लांबीने भागावे, वेळेला वेळेने भागावे. लांबीला वेळेने भागणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने आंब्यांना गाईंनी भागण्यासारखे होते.

यात हसण्यासारखे काही नाही. अंतर डोळ्यांना दिसते; दोरी लावून मोजता येते; मागे वळून पाहिले तरी ते तिथेच असते. वेळ मात्र दिसत नाही, हातात येत नाही आणि गेलेली परत मोजता येत नाही. गतीचा आलेख काढायचा तर आधी या अदृश्य वेळेला कागदावर लांबी द्यावी लागते. 'एक सेकंद म्हणजे एक सेंटिमीटर' हे वाक्य आज आपण सहज बोलतो. पण ते वाक्य बोलण्याआधी माणसाच्या मनाला एक मोठी उडी घ्यावी लागली.

सावली आणि तक्ते

वेळेला लांबी देण्याची एक रीत मात्र फार जुनी आहे आणि आपल्या वाचकांना ती घरातली वाटेल. असरच्या नमाजची वेळ कशी ठरते? वस्तूची सावली पाहून. दुपारची मूळ सावली सोडून उरलेली सावली वस्तूच्या उंचीएवढी झाली की शाफई मतानुसार असरची वेळ सुरू होते. हनफी मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. कोकणातल्या शाफई मशिदीत आणि घाटावरच्या हनफी मशिदीत असरच्या अजानमध्ये जे अंतर पडते ते या सावलीच्या हिशोबाने. घड्याळ येण्यापूर्वी वेळ ही अशी जमिनीवर पडलेली लांबी होती.

हे काम सांभाळायला मोठ्या मशिदींत 'मुवक्कित' म्हणजे वेळ ठरवणारे विद्वान नेमले जात. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर (१३०४–१३७५) हे त्या काळातले नामांकित खगोलज्ञ होते. त्यांनी हिजरी ७७३ म्हणजे १३७१-७२ साली मशिदीच्या मिनारावर संगमरवरी छायायंत्र बसवले. त्यावर बाराही महिने सारख्याच अवधीचे तास मोजता येत. हे महत्त्वाचे आहे. जुन्या काळी दिवसाचे बारा भाग करून त्यांनाच तास म्हणत. म्हणजे उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड. असे लहानमोठे होणारे तास आलेखाच्या आडव्या अक्षावर मांडता येणार नाहीत. तिथे प्रत्येक घर सारखेच हवे.

दुसरी तयारी होती तक्त्यांची. सूर्य, चंद्र, ग्रह कोणत्या दिवशी कुठे असतील याचे मोठमोठे तक्ते मुस्लिम जगात तयार होत. त्यांना 'ज़ीज' म्हणत. एका रकान्यात दिवस, दुसऱ्यात स्थान. नववीच्या पुस्तकातला अंतर आणि वेळेचा तक्ता हा त्याच घराण्यातला. ग्रहाची गती कुठे मंद होते, कुठे वाढते, याचाही विचार या विद्वानांनी केला होता. बगदादचे साबित इब्न कुर्रा (मृत्यू ९०१) यांनी सूर्याच्या भासमान गतीच्या मंदावण्या-वाढण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाच्या 'तात्कालिकी गती'चा, म्हणजे त्या क्षणीच्या गतीचा विचार मांडला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

पडणाऱ्या वस्तूचा विचारही झाला होता. बगदादचे अबुल बरकात (मृत्यू सुमारे ११६५) यांनी 'किताब अल-मुअतबर'मध्ये म्हटले की खाली येणाऱ्या वस्तूत ओढ टप्प्याटप्प्याने साठत जाते, म्हणून तिचा वेग वाढत जातो. अंदलुसचे इब्न बाज्जा (मृत्यू ११३८) यांनी माध्यमाचा विरोध आणि वेग यांच्या संबंधात अरस्तूचे मत नाकारले. त्यांचे म्हणणे इब्न रुश्द यांच्या भाष्यातून लॅटिन युरोपला कळले व तिथे त्यावर पुष्कळ वाद झाले.

तरीही ही रेघ बगदादमध्ये निघाली नाही, दमास्कसमध्ये नाही आणि पाटणमध्येही नाही. कारण साधे आहे. खगोलज्ञाला उद्या चंद्र किती अंश, किती कला पुढे असेल याचा नेमका आकडा हवा होता, आणि तो तक्त्यात मिळत होता. हालचालीचा 'आकार' पाहण्याची गरज त्याला पडली नाही. युरोपात दहाव्या-अकराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात ग्रहांच्या मार्गांच्या वाकड्या रेघा चौकटींच्या जाळीवर काढलेल्या सापडतात. पण ते चित्र एकटेच राहिले, त्यातून पुढे काही निघाले नाही.

पॅरिसचा पाद्री

पुढचे पाऊल चौदाव्या शतकात पडले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात काही तर्कपंडित होते. ते गतीचे प्रयोग करीत नसत, वाद करीत. त्यांच्यापैकी विल्यम हेट्सबरी याने १३३५ साली एक नियम मांडला. एखादी वस्तू सारख्या प्रमाणात वेग वाढवत गेली, तर ती तेवढेच अंतर जाईल जेवढे ती मधल्या क्षणाच्या वेगाने सारखी चालली असती तर गेली असती. शून्यावरून निघून दहा सेकंदांत सेकंदाला वीस मीटर वेगापर्यंत पोहोचलेली गाडी आणि दहा सेकंद सेकंदाला दहा मीटर वेगाने चाललेली गाडी, दोघी शंभर मीटर जातील. नियम बरोबर होता. पण त्याची सिद्धता शब्दांत होती आणि ती वाचताना डोके दुखे.

हा नियम ज्याने डोळ्यांना दाखवला तो निकोल ओरेम. नॉर्मंडीतला हा माणूस पॅरिस विद्यापीठात शिकला, शिकवला आणि पुढे १३७७ साली लिझ्यूचा बिशप झाला. १३८२ साली तो वारला. म्हणजे इब्न अल-शातिर दमास्कसच्या मिनारावर छायायंत्र बसवत होते तेव्हा ओरेम हयात होता. एकाने दुसऱ्याकडून काही घेतले असा दावा मी करीत नाही. दोघे आपापल्या ठिकाणी वेळेचा विचार करीत होते, एवढेच.

ओरेमने १३५० च्या दशकात गुण आणि गती यांच्या आकृतींवर एक ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती अशी: एक आडवी रेघ काढा, ती वेळ समजा. तिच्या प्रत्येक बिंदूवर एक उभी रेघ काढा, ती त्या क्षणाचा वेग समजा. वेग कायम असेल तर सगळ्या उभ्या रेघा सारख्या, म्हणजे आयत तयार होईल. वेग सारखा वाढत असेल तर त्रिकोण. आणि या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. आता हेट्सबरीचा नियम पाहा. त्रिकोणाचे क्षेत्रफळ अर्ध्या उंचीच्या आयताएवढे असते, हे तर शाळेतले मूलही सांगेल. पानभर शब्दांचे काम एका आकृतीने केले.

त्याने या दोन दिशांना दिलेली नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. आडव्या रेघेला त्याने 'लाँगिट्यूड' म्हटले आणि उभीला 'लॅटिट्यूड'. उर्दू माध्यमाची मुले भूगोलात 'तूल-बलद' आणि 'अर्ज-बलद' शिकतात. ते तूल आणि अर्ज म्हणजे हेच दोन शब्द, लांबी आणि रुंदी. गावाची जागा सांगायला जसे दोन आकडे लागतात, तशीच गतीतल्या एका क्षणाची ओळख सांगायलाही दोन लागतात. वर्गात मी ही जोडी सांगते तेव्हा मुलांना अक्षांची भीती थोडी कमी वाटते, कारण नकाशा त्यांनी आधी पाहिलेला असतो.

पण ओरेमने काही मोजले नाही. त्याच्या आकृतीत सेकंद नव्हते, मीटर नव्हते. त्याच पद्धतीने त्याने उष्णता, पांढरेपणा, इतकेच काय वेदनाही मांडून दाखवल्या. झाडावरून पडणारे फळ या त्रिकोणाप्रमाणे पडते काय, हा प्रश्न त्याने विचारला नाही. दोनशे वर्षांनी, १५५१ साली, दोमिंगो दे सोतो या स्पॅनिश धर्मपंडिताने पडणाऱ्या वस्तूचा वेग असाच सारखा वाढतो, असे लिहिले. पण मोजले त्यानेही नाही.

गॅलिलिओ अडखळला ती जागा

आता या इतिहासातला असा प्रसंग सांगते, जो प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वर्गात सांगावा. १६०४ सालच्या ऑक्टोबरात गॅलिलिओने व्हेनिसच्या पाओलो सार्पी या विद्वान मित्राला पत्र लिहिले. वस्तू किती वेळात किती पडते याचा नियम त्याला सापडला होता आणि तो बरोबर होता. मात्र तो सिद्ध करण्यासाठी त्याने मूळ तत्त्व धरले ते चुकीचे. त्याने मानले की पडणाऱ्या वस्तूचा वेग ती किती अंतर पडली त्या प्रमाणात वाढतो. दुप्पट उंचीवरून पडली की वेग दुप्पट.

वास्तविक वेग वाढतो तो वेळेच्या प्रमाणात. अंतराच्या प्रमाणात वाढत असता तर वस्तू पडायला सुरुवातच झाली नसती. कारण निघताना अंतर शून्य, म्हणून वेग शून्य, आणि वेग शून्य म्हणून अंतर शून्यच राहणार.

गॅलिलिओसारख्या माणसाची चूक का झाली? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण तेच जे नववीच्या मुलाचे असते. अंतर दिसते, वेळ दिसत नाही. पडणारा दगड मनात आणला की डोळ्यांसमोर उभी रेघ येते, तो ज्या मार्गाने पडला ती. त्या रेघेवर वेग मांडायचा मोह होतो. ती रेघ बाजूला सारून, न दिसणाऱ्या वेळेची रेघ काढून तिच्यावर वेग मांडणे हे मनाविरुद्ध जाणारे काम आहे.

गॅलिलिओने ती चूक दुरुस्त केली. १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन येथे 'दोन नव्या विज्ञानां'वरचा त्याचा ग्रंथ छापला गेला. तेव्हा तो चर्चच्या हुकमाने नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. त्यात एक पात्र हीच चुकीची समजूत बोलून दाखवते, तेव्हा दुसरे पात्र उत्तर देते की आपला ग्रंथकारही काही काळ याच भ्रमात होता. आपली चूक छापून ठेवण्याएवढे मोठे मन त्याच्याजवळ होते.

याच ग्रंथात त्याच्या प्रयोगाचे वर्णन आहे. बारा हात लांबीची लाकडी फळी, तिच्यात कोरलेली गुळगुळीत खाच, खाचेत चर्मपत्र लावलेले. फळी एका बाजूने उचलून तिच्यावरून पितळी गोळी सोडायची. सरळ पडणारी वस्तू फार लवकर पडते, म्हणून उतरणीवर तिची गती सावकाश केली. वेळ मोजायला पाण्याने भरलेले मोठे भांडे; त्याच्या बारीक नळीतून येणारी धार गोळी चालू असेतोवर पेल्यात धरायची आणि पाणी तराजूत तोलायचे. जितके पाणी तितकी वेळ. न दिसणारी वेळ अशी वजनाने हातात आली. प्रयोग शंभर शंभर वेळा केला, असे तो म्हणतो.

निष्पन्न काय झाले? सारख्या वेळेच्या टप्प्यांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात येतात. म्हणजे एकूण अंतर १, ४, ९, १६ असे वाढते. सिद्धतेसाठी त्याने काढलेली आकृती जवळजवळ ओरेमचीच आहे, फक्त त्याच्या आकृतीत वेळेची रेघ उभी आहे आणि वेगाच्या रेघा आडव्या. त्रिकोणाचे वेळेप्रमाणे सारखे काप करून पाहिले की पहिल्या कापात एक लहान त्रिकोण, दुसऱ्यात तेवढेच तीन, तिसऱ्यात पाच. मुलांनी कागद कापून हे पाहावे. समीकरण पाठ करण्याआधी पाहावे.

रेघ बोलू लागली

त्याच सुमारास, १६३७ साली, देकार्तची भूमिती प्रसिद्ध झाली आणि वक्ररेघ समीकरणाने सांगण्याची रीत रुळू लागली. शतकाच्या अखेरीस न्यूटन आणि लायब्निट्स यांनी दाखवून दिले की रेघेचा चढ काढणे आणि रेघेखालचे क्षेत्रफळ काढणे ही एकमेकांची उलट कामे आहेत. अंतर आणि वेळेच्या आलेखाचा चढ म्हणजे वेग. वेग आणि वेळेच्या आलेखाचा चढ म्हणजे त्वरण, उर्दूत 'इसराअ'. आणि त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे पुन्हा अंतर. नववीच्या धड्याचा सगळा जीव या तीन वाक्यांत आहे.

एकोणिसाव्या शतकात वस्तूलाच स्वतःचा आलेख काढायला लावण्यात आले. फ्रान्समध्ये आर्थर मोरँ याने यंत्र केले: सारख्या वेगाने फिरणाऱ्या उभ्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला आणि त्याच्या शेजारून पडणाऱ्या वजनाला लावलेली पेन्सिल. वजन खाली येते, कागद फिरतो आणि वक्ररेघ आपोआप उमटते. कागदाचे फिरणे म्हणजे वेळ. मुलांना हे यंत्र दाखवता आले नाही तरी नुसते सांगितले तरी पुरते, कारण वेळेची लांबी कुठून येते ते त्यातून स्पष्ट दिसते.

आलेख कारखान्यात गेला तसा रेल्वेतही गेला. एत्येन-ज्यूल मारे याच्या १८७८ सालच्या आलेखपद्धतीवरील ग्रंथात पॅरिस ते लियाँ या मार्गावरच्या आगगाड्यांचे वेळापत्रक एका पानावर रेघांनी दाखवले आहे. आडवी बाजू वेळेची, उभ्या बाजूला स्टेशने. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान. रेघ आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. आज आपल्या रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांची हालचाल अशाच तक्त्यावर मांडली जाते. पूर्वी नियंत्रक ते पेन्सिलीने काढीत, आता संगणकावर काढतात.

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे. एक गाडी रत्नागिरीकडे जाते, दुसरी तिकडून येते. तक्त्यावर एक रेघ वर चढते, दुसरी खाली उतरते आणि दोन्ही कुठेतरी एकमेकींना छेदतात. हा छेदबिंदू स्टेशनच्या रेघेवरच पडला पाहिजे, जिथे एका गाडीला बाजूच्या रुळावर घेता येते. दोन स्टेशनांच्या मध्ये पडला तर गाड्या समोरासमोर येतील. ज्या मुलाने चिपळूण किंवा खेडला क्रॉसिंगसाठी थांबलेल्या गाडीत बसून कंटाळा काढला आहे, त्याला छेदबिंदूचा अर्थ पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर कळतो. छेदबिंदूवर दोन्ही गाड्यांची जागा एक असते. वेग एक असतो असे नाही.

मुले कुठे अडतात

हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात ट्रोब्रिज आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की दोन चेंडू एकमेकांच्या बरोबरीने आले त्या क्षणी त्यांचा वेगही सारखा असतो, असे कॉलेजातले अनेक विद्यार्थी समजतात. जागा आणि वेग यांची गल्लत. १९८७ साली मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी आलेखांवर लेख लिहिला. विद्यार्थी रेघेची उंची आणि रेघेचा चढ यांत घोटाळा करतात आणि आलेखाला वस्तूच्या मार्गाचे चित्र समजतात, असे त्यात दाखवले. १९९४ साली रॉबर्ट बाइकनर यांनी गतीच्या आलेखांवरची एकवीस प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. हायस्कूल आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यात सरासरी शेकडा चाळीसच्या आसपास गुण मिळाले. त्या मुलांकडे प्रयोगशाळा होत्या आणि ती मातृभाषेत शिकत होती. तेव्हा आपल्या मुलांना 'ढ' म्हणण्याआधी थोडे थांबलेले बरे.

एक साधे उदाहरण घेऊ. फातिमा घरातून सरळ रस्त्याने शाळेकडे निघाली. दहा मिनिटांत सहाशे मीटर चालली. पाच मिनिटे मैत्रिणीशी बोलत उभी राहिली. मग वही घरी विसरल्याचे आठवले, म्हणून धावत पाच मिनिटांत परत आली. घरापासूनचे अंतर आणि वेळ यांचा आलेख काढला तर रेघ वर जाते, आडवी होते, खाली येते. मुलांना विचारले की बहुतेक म्हणतात, 'बाई, ती टेकडी चढली, मग सपाटीवर चालली, मग उतरली.' रस्ता तर सपाट होता! आडव्या तुकड्यात ती चाललीच नाही, उभी होती.

आता वेगाचा आलेख. पहिली दहा मिनिटे सेकंदाला एक मीटर. मधली पाच मिनिटे शून्य. शेवटची पाच मिनिटे सेकंदाला दोन मीटर, पण उलट दिशेने, म्हणून रेघ अक्षाच्या खाली. वरच्या तुकड्याचे क्षेत्रफळ सहाशे, खालच्याचे वजा सहाशे, बेरीज शून्य. फातिमा घरी. एकाच मुलीची एकच सकाळ, पण दोन चित्रे इतकी वेगळी की ओळख पटू नये. दोन्ही चित्रांत फातिमाच्या रस्त्याचे चित्र कुठेच नाही, हे ज्या दिवशी मुलाला उमगते त्या दिवशी त्याला आलेख आला.

आपल्या मुलांपुढे आणखी एक अडचण आहे ती शब्दांची. बोलण्यात 'रफ्तार' म्हणजे कितीही आणि कशीही धाव. विज्ञानाच्या उर्दूत मात्र 'चाल' म्हणजे स्पीड आणि 'रफ्तार' म्हणजे दिशेसहित वेग. मराठीत चाल तशीच राहते, रफ्तारचा वेग होतो. आलेखाला उर्दूत 'तरसीम' म्हणतात. अकरावीत गेल्यावर हे सगळे शब्द एका दिवसात इंग्रजी होतात. ज्याने शब्द पाठ केले होते त्याच्या हातात काही उरत नाही. ज्याने रेघ वाचायला शिकली त्याची रेघ मात्र कोणत्याही भाषेत तीच राहते. म्हणून उर्दू माध्यमाच्या मुलासाठी आलेख हे ओझे नसून सोबत नेता येणारी शिदोरी आहे.

वारसा कशाला म्हणावे

आपल्या सभा-संमेलनांतून कधी कधी असे ऐकू येते की विज्ञानातले सारे काही आपल्याच पूर्वजांनी शोधले आणि युरोपने चोरले. दुसरीकडून असेही ऐकू येते की मुसलमानांचा आणि विज्ञानाचा संबंधच काय. या एका रेघेचा इतिहास दोन्ही दावे खोटे ठरवतो. अबुल बरकात जन्माने यहुदी होते, उतारवयात त्यांनी इस्लाम स्वीकारला. साबित इब्न कुर्रा हर्रानचे साबिई होते. इब्न बाज्जांचे विचार पॅरिसला पोहोचले ते लॅटिन भाषांतरातून. रेघ काढली एका ख्रिस्ती पाद्रीने. तिला मोजमाप दिले ते चर्चने कोंडून ठेवलेल्या गॅलिलिओने. यातला कोणीही एकटा पुरा पडला नाही. वारसा हा मिरवण्यासाठी नसतो. पुढचे पाऊल टाकण्यासाठी असतो. ओरेमचा त्रिकोण पूर्वजांचा नाही म्हणून आपल्या मुलांना तो परका वाटायचे कारण नाही, आणि असरची सावली आपली आहे म्हणून तेवढ्याने भौतिकशास्त्र येणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते की आकृती फळ्यावर काढण्याआधी मुलांना मैदानात न्यावे. चुन्याने दर दोन मीटरवर खुणा कराव्यात. एका मुलाने चालावे, दुसऱ्याने दर दोन सेकंदांनी टाळी द्यावी, तिसऱ्याने टाळीच्या क्षणी तो कोणत्या खुणेवर आहे ते लिहावे. मग वर्गात येऊन त्याच आकड्यांची रेघ काढावी. मग उलटे करावे: रेघ फळ्यावर काढून द्यावी आणि तिच्याप्रमाणे चालून दाखवायला सांगावे. परदेशात १९९० च्या सुमारास थॉर्नटन आणि सोकोलोफ यांनी संगणकाला जोडलेल्या संवेदकाने हेच केले. मूल चालते आणि पडद्यावर त्याच क्षणी रेघ उमटते. आपल्याजवळ चुना आहे, मैदान आहे, टाळी द्यायला हात आहेत. खर्च काही नाही. लागते ती वेळ, आणि वेळापत्रकात नेमकी तीच नसते.

ती वेळ काढलीच पाहिजे. गॅलिलिओने सार्पीला चुकीचे तत्त्व लिहून पाठवले तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. बरोबर तत्त्व छापून आले तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा. नववीतले मूल चौदा वर्षांचे असते. त्याला आपण दोन तासिका जास्त द्यायला हरकत नसावी.